दुरुस्तीला माणूस लागत नाही

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

ही डायरी मला माल पुरवणाऱ्या कंपनीने दिली. पानापानावर वर एक हसणारा दात छापलाय, त्याचं तोंड बघून सकाळी सकाळी डोकं फिरतं. वरच्या अर्ध्या पानात मी काम लिहितो. कोणाची कवळी, काय तुटलं, कधी द्यायची. खालचं अर्धं पान माझं. अंजना म्हणते, बायकोशी बोलायचं सोडून नवरा डायरीशी बोलतो. बोलतो तर बोलतो. डायरी मधेच "गॅस संपत आलाय" म्हणत नाही.

आज लॅबमध्ये दोन तुटक्या कवळ्या आल्या. लॅब म्हणजे सिंधी वस्तीच्या कॅम्प तीनमधली वरच्या मजल्यावरची एक खोली. खाली जीन्स शिवणाऱ्यांच्या मशिनी, त्यामुळे माझं टेबल दिवसभर थरथरतं. एकवीस वर्षं झाली इथे. तुटकी कवळी हातात घेतली की माणूस न बघता मी सांगतो काय झालं ते. बेसिनमध्ये पडलेली असेल तर दोन्ही तुकडे एकमेकांत चपखल बसतात, कडा स्वच्छ असतात. आतल्या आत तडा जाऊन तुटली असेल तर कडा मळकट, कारण तो तडा कित्येक महिने चहा पीत असतो. एखादाच दात सुटून आला तर बहुतेक वेळा दाताखाली मेण राहिलेलं असतं, म्हणजे बनवणाऱ्याची चूक. आणि लोक खोटं बोलतात बरं का! उकळत्या पाण्यात घालून वाकडी केलेली कवळी आणतात आणि म्हणतात, "आपोआप झाली." आपोआप! माझ्यापुढे नाही चालत.

तिसरी तुटकी कवळी घरी, कात्रपला आल्यावर. आमच्याच मातोश्रींची. खालची, मधोमध दोन तुकडे. स्टीलच्या डबीत घालून माझ्या ताटाशेजारी ठेवलेली.

"मोरीन पडली," आई म्हणाली. "हातातशी सुटली."

कडा बघितल्या. स्वच्छ. पडलीच होती. "खाली टॉवेल अंथरून धू म्हणून किती वेळा सांगितलं तुला?" मी ओरडलो. तिने पदर तोंडावर घेतला.

एवढं ओरडायला नको होतं. पण ही कवळी साधी नाही. आई धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला बसल्याशिवाय हळद लागत नाही, आणि नदीपलीकडच्या चार गावांत मोतीबाईशिवाय धवलारीण नव्हती. मग दात गेले. शब्द फुसफुसायला लागले. एका हळदीला पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या, तेव्हापासून ही जायची बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. म्हणून गेल्या दिवाळीत मी दोन्ही कवळ्या केल्या. माप डॉक्टर रोचलानी मॅडमनी घेतलं, बाकी सगळं मी. दात तीनदा लावले, तीनदा काढले. पहिल्या दिवशी तिने बाबांच्या फोटोसमोर उभं राहून अख्खा धवला म्हटला, एक शब्द सांडला नाही. एकवीस वर्षांत हजारो कवळ्या केल्या असतील, रडलो त्या दिवशी.

मी तिला म्हटलंही, "आई, माझ्या हातची ही सगळ्यात भारी कवळी."

नोव्हेंबरात पुतणी जिज्ञासाचं लग्न आहे. धवले आईच म्हणणार. तोवर कवळीला काही होता कामा नये.

७ ऑगस्ट, बुधवार

आईची कवळी जोडून दिली. दोन तुकडे चिकटवून खाली प्लास्टर ओतलं, तडा घासून रुंद केला, गुलाबी पावडर आणि लिक्विड भरलं, घासलं, चमकवलं. सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं असतं.

आमच्या धंद्यातली हीच गंमत आहे. नवीन कवळीला डॉक्टर लागतो, माप लागतं, तोंड लागतं. दुरुस्तीला माणूस लागत नाही. दोन तुकडे आणून द्या आणि चहा पिऊन या.

आईने पाठ फिरवून कवळी घातली. ती कोणाला बोळकं तोंड दाखवत नाही. बाबांनासुद्धा दाखवलं नाही म्हणे.

"बसली?"

"बसली."

"टोचत नाही ना?"

"तुझ्या हातची काय टोचल?"

एक नवल. हे दोन दिवस कवळी नव्हती तर बाई मजेत होती. चहात भाकरी बुडवून खाल्ली, अंजनाशी गप्पा मारल्या. आज कवळी आली आणि जेवताना अर्धी भाकरी ठेवून उठली. म्हातारपण म्हणजे पोरपण, काय करणार.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आईच्या त्याच कवळीतली डावीकडची एक दाढ सुटली. दाढ सुटली म्हणजे मेण राहिलं असणार, म्हणजे चूक माझी. मी, धर्मेश, ज्याच्याकडे तीन दवाखान्यांचं काम डोळे झाकून येतं, त्याने आईच्याच कवळीत मेण ठेवलं?

खिडकीत नेऊन भिंगाने बघितलं. मेणबीण काही नाही. दाढेच्या बुडाशी ओरखडे होते, टोकदार लोखंडाचे. विचारलं.

"शेंग अडकली व्हती. अडकित्त्याच्या टोकान काढत व्हतू."

"अडकित्त्याने? अगं, कवळी आहे की सुपारी?"

ती हसली. मीही हसलो. हुश्श झालं मला, माझी चूक नव्हती. उद्या लावून देतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज विसर्जन, लॅब बंदच ठेवली होती, पण दुपारी अंबरनाथच्या सगुणाबाईंचा फोन. नवीन कवळीने हिरडीला जखम झालीय, काय लावू? मी म्हटलं, मावशी, लावायचं काही नाही. कवळी काढून ठेवा, डॉक्टरांकडे जाऊन काठ घासून घ्या. आणि एक लक्षात ठेवा. काठ घासल्यावर पंधरा दिवसांत जखम भरली पाहिजे. नाही भरली तर ती कवळीची जखम नाही, दुसरं काहीतरी आहे, सरळ मोठ्या डॉक्टरांना दाखवा. हा नियम मी सगळ्यांना सांगतो. रोचलानी मॅडमनीच शिकवला. सगुणाबाई म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर नसून किती समजावून सांगता हो." बरं वाटलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "बाला, जरा टोचतं."

"कुठं?"

तिने अंजनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता नाय टोचत."

कवळी मागून घेतली. काठावरून बोट फिरवलं, सगळीकडे मऊ. तिच्या समाधानासाठी कापडाने थोडा बफ मारला, चमकवली आणि परत दिली. कवळीवर मशेरीचे तपकिरी डाग. तोंडात दात नाही आणि मशेरी लावायची हौस कमी नाही! पन्नास वर्षांची सवय आहे, जेवण सोडेल पण मशेरी सोडणार नाही. म्हटलं, माझ्या कवळीची शोभा घालवू नकोस.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घटस्थापना आणि आज मी आईशी भांडलो.

कवळीचा डावीकडचा काठच नाही. गालाच्या आत जो गुलाबी काठ हिरडीवर बसतो, तो बोटाच्या पेराएवढा गायब. तुटलाय म्हणावं तर कड घासलेली, दगडावर घासल्यासारखी. तुकडा कुठंय विचारलं तर म्हणाली, पडला कुठंतरी.

"कुठंतरी म्हणजे? मोरीत? गॅलरीत?"

"मना काय म्हाईत."

मी म्हटलं, ऑगस्टात एक, परत ऑगस्टात दुसरं, आता तिसरं. गावची माणसं दहा-दहा वर्षं एकच कवळी वापरतात. तुला किंमत नाही. बाहेरच्या माणसाची असती तर जपून वापरली असतीस, घरच्या माणसाच्या कामाला किंमत नसते. असंच काहीबाही बोललो. अंजना आतून म्हणाली, "अहो, पुरे." आई ऐकत बसली. मग एवढंच म्हणाली, "र्‍हाऊ दे नं मंग. नको करू दुरुस्त. लग्नाच्या टायमाला बघू."

वा! म्हणजे दीड महिना बोळक्या तोंडाने बसणार आणि लग्नाच्या दिवशी एकदम धवले म्हणणार. सवय मोडली की कवळी बसत नाही, हे तिला कोण सांगणार. मी म्हटलं, अशी दुरुस्त करतो की पुन्हा तुटायचं नावच घेणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

झाली. आणि काय झालीय!

जुन्या साच्यावर डावीकडचा काठ पुरा भरला, होता त्यापेक्षा जरा जाडच ठेवला. आणि आत स्टीलची जाळी घातली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशी जाळी मी फक्त जोरात चावणाऱ्या पहिलवान गड्यांच्या कवळीत घालतो. मग टेबलावर आपटून बघितली, एकदा, दोनदा. खालचा जीन्सवाला वर बघून गेला. काही नाही, ओरखडासुद्धा नाही.

घरी नेऊन आईसमोर आपटून दाखवली. "आता अडकित्ता लाव नाहीतर वरवंटा घाल, तुटली तर नाव बदलेन."

आईने कवळी हातात घेतली, डावीकडच्या काठावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होती. मला वाटलं, काम बघतेय.

"मस्त केलीस," म्हणाली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. आईने चकलीला हात लावला नाही. दूधभात, पेज, एवढंच. पोलकं खांद्यावरून उतरतंय. अंजना म्हणाली, "आईंचं वजन कमी झालंय, डॉक्टरला दाखवू." मी म्हटलं, एकाहत्तर वर्षं झाली, आता काय वजन वाढणार आहे?

कवळी घरात नीट घालत नाही, ते मात्र डोक्यात जातं. मी आलो की घाईघाईने घालते, हे माझ्या लक्षात आलंय. सोडून दिलं. सणाचा दिवस.

२४ नोव्हेंबर, रविवार

जिज्ञासाची हळद. गावी मांडव, डीजे, सगळं. पण काकीने, म्हणजे जिज्ञासाच्या आजीने, डीजेवाल्याला दटावलं, आधी धवलारीण बसंल, मंग तुमचा धिंगाणा.

आई बसली. हिरवं लुगडं, केसांत फूल. तोंडात माझी कवळी. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो. सकाळी सहाला घातलेली कवळी, चार तास झाले होते, एकदाही काढली नाही. आणि आवाज लागला. काय सांगू! शब्द न् शब्द टणटणीत. पोरी फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागल्या. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "मोतीचा गला अजून तसाच हाय." माझी छाती फुगली. म्हटलं, गळा तिचा, दात माझे.

अर्ध्यात ती थांबली. पदर तोंडावर धरला. काकीने तांब्या पुढे केला, तिने चूळ भरून मांडवाच्या कडेला टाकली. लाल.

"आई, काय गं?"

"पान खाल्लं व्हतं."

आणि परत सुरू केलं. पूर्ण केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बायका म्हणाल्या, धवलारीण रडते ते शुभ असतं. मलाही तसंच वाटलं. नात सासरी जाणार, रडणारच. घरी येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. किती हलकी लागते हल्ली.

२ डिसेंबर, सोमवार

अंजनाने मला न सांगता आईला रोचलानी मॅडमकडे नेलं. उशीवर रक्ताचे डाग होते, चार दिवस आई उशीचा अभ्रा स्वतः धूत होती.

मॅडमचा मला लॅबमध्ये फोन. "धर्मेश भाई, जरा क्लिनिक में आओ." मला वाटलं, एखादं काम बिघडलं.

आई खुर्चीवर होती. तोंड उघडलेलं, वरचा दिवा तोंडात. मला बघून तिने पदर शोधला, पदर अडकला होता. पहिल्यांदा मी माझ्या आईचं तोंड आतून बघितलं. डावीकडे, खाली, हिरडी आणि गाल जिथे मिळतात तिथे. मी लिहीत नाही ते कसं दिसत होतं.

एवढं लिहितो. बरोबर तिथेच. जिथे दाढ सुटली होती, जिथला काठ गेला होता, जिथे मी नवा काठ भरला होता, जाड.

मॅडम म्हणाल्या, "कितने दिन से है ये?"

आई म्हणाली, "आताच."

६ डिसेंबर, शुक्रवार

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. आत एक तरुण डॉक्टर, मराठी. तपासून जखमेचा बारीक तुकडा तपासणीला काढला, मानेला हात लावून बघितलं, गाठी आहेत म्हणाला. मग लिहायला बसला. "जखम किती दिवसांपासून आहे?"

अंजना म्हणाली, "आम्हाला आत्ताच कळलं."

माझ्या पिशवीत ही डायरी होती. मी काढली. पानं उलटत गेलो. वरच्या भागात नीट लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. खालची कवळी, मधोमध तुटली. खालची कवळी, डावी दाढ सुटली. डावा काठ गेला. आणि खाली माझी बडबड. हुश्श, माझी चूक नाही. डॉक्टर थांबला होता.

म्हटलं, "पाच ऑगस्ट. कदाचित त्याच्याही आधी."

"तेव्हा कोणी तोंड बघितलं होतं का?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं, "कवळी तुटली होती, साहेब. दुरुस्तीला तोंड लागत नाही." त्याला काही कळलं नाही. त्याने तारीख लिहून घेतली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आला. कॅन्सर. तोही पुढे गेलेला, जबड्याच्या हाडात. ऑपरेशन होण्यासारखं नाही. लाइट, म्हणजे रेडिएशन, देऊन त्रास कमी करता येईल, म्हणाले.

मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, माझ्या कवळीने झालं का. तो म्हणाला, "कवळीने नाही. मशेरीने. पन्नास वर्षांची सवय आहे ती." मग म्हणाला, "पण लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

मी पुन्हा विचारलं नाही, किती वेगळी.

१५ डिसेंबर, रविवार

मशेरी बंद म्हणून अंजनाने आईची मशेरीची डबी फेकायला घेतली. डबीच्या तळाशी चिंधी होती, गाठ मारलेली. तिने ती माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली.

चिंधीत गुलाबी चुरा आणि पेराएवढा एक तुकडा. तो काठ. माझ्या हातचं काम मला अंधारातही ओळखू येईल. त्यातल्या बारीक लाल शिरा मी एकेक करून घातल्या होत्या, खऱ्या हिरडीसारखं दिसावं म्हणून.

मी आईजवळ जाऊन बसलो. हळू विचारलं. एकवीस वर्षं लोकांना मोठ्या तोऱ्यात विचारत आलो, काय झालं खरं सांगा. आज ती चिंधी तिच्या पदरात ठेवली.

"आई, तूच तोडलीस?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

"पयल्यांदा खरीच पडली रं. मंग दोन दिस तोंडाला बरा वाटला. मंग मना समाजला, तुटली का सुटका हाय."

"मग टोचतं म्हणून सांगायचं ना गं! सांगितलं का नाहीस?"

"तू बोल्लास नं, सगल्यात भारी कवली हाय माझ्या हातची. येवरी हौसेनं केलीस. लोकाना सांगतंस, माझी आय माझे दात लावून धवला बोलतं. मंग मी कशी बोलू, टोचतं म्हणून? एकडाव बोल्लू, तं तुझा तोंड कवरासा झाला."

सतरा सप्टेंबर. मी बफ मारून परत दिली होती.

"आणि हा तुकडा का ठेवलास?"

"तुझ्या हातचा हाय. टाकू कसा?"

मग ती हसली, त्या दुखऱ्या तोंडाने हसली, आणि म्हणाली, "जाली लावलीस नं तू, तवा माझा इलाज सरला. लय आपटली मोरीन. तुटंच ना!"

तिला गंमत वाटत होती. पोराच्या कामाचं कौतुकच करत होती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आईने स्वतःच स्वतःला जरा मोकळं केलं होतं, अडकित्त्याने, दगडाने, आणि मी दर वेळी ते भरून काढलं, घोटून गुळगुळीत केलं, वर तिला ओरडलो. आणि शेवटी आत स्टील घातलं.

देवा, मी तिच्या तोंडात स्टील घातलं.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

लॅबमध्ये जावं लागतंच. आज कॅम्प चारचा एक माणूस आला, प्लास्टिकच्या पिशवीत कवळी घेऊन. वरची, मधोमध तडा. "कल शाम तक चाहिए, मम्मी का है."

मी विचारलं, "मम्मी कहाँ है?"

"घर पे. क्यूँ?"

"उनको लेके आओ. पहले मॅडमको मुँह दिखाओ."

"अरे साईं, रिपेअर के लिए आदमी का क्या काम? इतने साल से आप ऐसेच करते हो."

मी कवळी परत त्याच्या हातात ठेवली. तो चिडला, दुसऱ्याकडे जातो म्हणाला. मी म्हटलं, जा. जिना उतरला, मग काय वाटलं कोण जाणे, दुपारी आईला रिक्षातून घेऊन आला. मॅडमनी तपासलं आणि फोन केला, "एकदम साफ है, धर्मेश भाई. सिर्फ ढीला हुआ है."

मला इतका आनंद झाला की खुर्चीत बसलो. आणि लगेच इतका राग आला, त्या म्हातारीचा, त्या पोराचा, कोणाचा ते कळेना. तिचं तोंड साफ का? एवढा वाईट विचार मी आयुष्यात केला नव्हता. लिहून ठेवतो, लपवत नाही.

आईला आता पेज नळीने देतो. बोलणं जवळजवळ बंद. अंजना तिच्या उशाशी बसून हळदीचा व्हिडिओ लावते. आई बोटाने ताल धरते. मी तिथे थांबत नाही. व्हिडिओत चौथ्या मिनिटाला ती थांबते आणि पदर तोंडावर धरते, ते मला बघवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आईने आपणहून तोंड उघडून दाखवलं. औषधाने पुसायचं असतं, ते रोज अंजना करते. आज अंजना बाजारात गेली होती. मी म्हटलं, मी पुसू? तिने पदराकडे हात नेला, पण मग नेला नाही. तोंड उघडलं.

मी कापसाने पुसलं. ती माझ्याकडेच बघत होती, मी घाबरतो की काय ते बघत होती. पुसून झाल्यावर तिने माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा.

हे ऑगस्टमध्ये करायचं होतं. एवढंच करायचं होतं, आई, तोंड उघड, बघू.

१९ मार्च, बुधवार

काल तेरावं झालं. आज डायरी हातात घेतली. नवीन वर्षाची डायरी कंपनीने पाठवलीय, तिच्यावरही हसणारा दात. ती उघडली नाही. ह्याच डायरीची मागची कोरी पानं पुरतील.

सहा मार्चला सकाळी आई गेली, घरीच. त्या दिवशीचं लिहिलं नव्हतं, ते लिहितो.

गावाहून सगळे आले. बायकांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, हळदीच्या दिवशीचंच. जिज्ञासा सासरहून आली होती, आजीच्या केसांत फूल माळताना तिचे हात चालेनात. मग काकी बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "धर्मेश, तिचा तोंड पार बसलाय रं. चार गावची धवलारीण, असा तोंड घेऊन जाल काय? ती तुझी कवली हाय नं? आन. घालू. बरा दिसंल."

माझे पाय आपोआप कपाटाकडे गेले. स्टीलची डबी काढली. उघडली. कवळी तशीच होती, कुठे तडा नाही, दात जागच्या जागी, काठ चकचकीत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं काम. मी डावीकडच्या काठावरून बोट फिरवलं. सगळे माझी वाट बघत होते.

डबी बंद केली आणि परत कपाटात ठेवली.

"नको, काकी," मी म्हटलं. "टोचतं तिला."